सुरतेला न पोचलेली चांदी

२०१४ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, मिडलटाउन गावच्या स्वीट बेरी फार्म या फळबागेत जिम बेली धातुशोधक यंत्र घेऊन फिरत होते. जागा त्यांच्या ओळखीची होती. वसाहतकाळातली काही नाणी, अठराव्या शतकातले बुटाचे एक बक्कल, बंदुकीच्या काही गोळ्या असा ऐवज त्यांना या मातीने आधीच दिला होता. यंत्राने पुन्हा आवाज दिला, त्यांनी खणले, आणि हाताला लागला काळवंडलेल्या चांदीचा एक तुकडा, आपल्या जुन्या चार आण्यांएवढा. स्पॅनिश असेल, नाहीतर मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या टांकसाळीतला असेल, असा त्यांचा पहिला अंदाज होता. त्या भागात दोन्ही सापडतात. माती पुसल्यावर मात्र दिसली अरबी अक्षरे.

बेली हौशी इतिहासकार, पण त्यांची हौस कसलेली होती. विद्यापीठात ते मानववंशशास्त्र शिकले होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस केप कॉडजवळ बुडालेल्या ‘व्हिडा’ या चाच्यांच्या जहाजाचे उत्खनन चालू असताना त्यांनी पुरातत्त्वज्ञाच्या हाताखाली काम केले होते. जमिनीतून निघालेली वस्तू कुठे आणि कशी निघाली हे टिपून ठेवण्याची सवय त्यांना तिथे लागली होती. त्यांनी नाण्याचा माग काढायला सुरुवात केली. नाणे येमेनचे निघाले, आणि साल निघाले १६९३.

ते नाणे तिथे असायला नको होते. त्या काळी अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधला कोणी व्यापारी सचोटीचा माल घेऊन अरबस्तानच्या बंदरात गेल्याची नोंद नाही. तो व्यापार पुढे काही दशकांनी सुरू झाला. इंग्लंडच्या कायद्यानुसार पूर्वेकडच्या व्यापाराचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे होता. मग तांबड्या समुद्राकाठी पाडलेले नाणे अटलांटिकच्या पलीकडे एका शेतात कसे पोचले?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. सुरतेच्या बंदरात, भीमेकाठच्या ब्रह्मपुरीत, मुंबईच्या किल्ल्यात, आणि माळव्यातून मानपुरावरून घाट उतरून नर्मदेकडे जाणाऱ्या त्या जुन्या वाटेवरही. म्हणून ही शोधकथा मराठीत सांगायला हवी.

आधी अमेरिका. सतराव्या शतकातल्या त्या वसाहतींचे चित्र आजच्या अमेरिकेवरून रंगवले तर पार चुकेल. जमीन होती, लाकूड होते, मासळी होती, केसाळ कातडी होती, दक्षिणेकडे तंबाखू होता. नाणे नव्हते. सोन्या-चांदीच्या खाणी नव्हत्या. इंग्लंडमधून कापड, लोखंडी अवजारे, भांडीकुंडी, पुस्तके सगळे मागवायचे, आणि त्याचे पैसे मोजायचे. जी चांदी हाती येई ती पुढच्या जहाजाने लंडनला जाई. घरात धान्य आहे, गोठ्यात गुरे आहेत, पण व्यवहाराला रोकड नाही, अशी पूर्ण समाजाची अवस्था होती.

लोकांनी वाटा काढल्या. तिथले मूळ रहिवासी शिंपल्यांचे मणी ओवून माळा करत. त्यांना ‘वॉम्पम’ म्हणत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्या माळाच चलन म्हणून वापरल्या, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १६६१ पर्यंत त्यांना कायद्याची मान्यता होती. व्हर्जिनियात आणि मेरीलंडमध्ये कर, दंड, पाद्र्याचा पगार तंबाखूत मोजला जाई. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांची फी गुरांत आणि धान्यात जमा होत असे. १६५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने जॉन हल नावाच्या सोनाराच्या हाती स्वतःची टांकसाळ दिली. नाणी पाडण्याचा हक्क राजाचा, आणि तो या वसाहतीने सरळ उचलला. ती टांकसाळ १६८२च्या सुमारास बंद झाली. १६९० मध्ये क्युबेकवरची मोहीम फसली आणि परतलेल्या शिपायांचा पगार द्यायला खजिन्यात काही नव्हते, तेव्हा याच मॅसॅच्युसेट्सने कागदी नोटा काढल्या. पाश्चात्त्य जगात सरकारने काढलेल्या त्या पहिल्या नोटा मानल्या जातात. ही गरिबी नव्हे, हे लक्षात घ्या. हा रोकडीचा दुष्काळ होता, आणि रोकडीच्या दुष्काळात माणसे चांदी कुठून आली हे विचारत नाहीत.

बाजारात खरा मान होता स्पॅनिश डॉलरला, म्हणजे आठ रियालांच्या नाण्याला. इंग्लंडमध्ये त्याची किंमत साडेचार शिलिंग. मॅसॅच्युसेट्समध्ये ते सहा शिलिंगांना चाले. चांदी आपल्याकडे ओढली जावी म्हणून वसाहतींनी मुद्दाम चढा भाव ठेवला होता. न्यूयॉर्कने तो आणखी चढवला. चढ्या भावाची ही हाक समुद्रावरच्या सगळ्या लुटारूंना ऐकू गेली.

यातूनच ‘तांबड्या समुद्रवाले’ निपजले. हे लोक ऱ्होड आयलंड, न्यूयॉर्क, बोस्टन इथून निघत. कागदोपत्री त्यांना फ्रेंच जहाजांवर हल्ला करण्याचा परवाना असे, कारण इंग्लंडचे फ्रान्सशी युद्ध चालू होते. प्रत्यक्षात ते आफ्रिकेला वळसा घालून मादागास्कर गाठत आणि तिथून अरबी समुद्रात शिरत. न्यूपोर्टचा थॉमस ट्यू अशाच एका सफरीवरून १६९४च्या एप्रिलमध्ये परतला. त्याने एक मोगली जहाज लुटले होते आणि त्याच्या खलाशांना प्रत्येकी हजारांहून अधिक पौंड मिळाले होते. साधा खलाशी जन्मभर राबला तरी एवढी रक्कम पाहत नसे. न्यूयॉर्कचे गव्हर्नर बेंजामिन फ्लेचर यांनी ट्यूला आपल्या बग्गीतून फिरवले, जेवायला बसवले आणि नवा परवाना दिला. पुढे लंडनने जाब विचारला तेव्हा त्यांनी लिहिले की हा माणूस बोलायला मोठा गमतीचा आहे, आणि त्याची शिव्या देण्याची सवय मोडावी असा माझा हेतू होता! न्यूयॉर्कमधला बडा व्यापारी फ्रेडरिक फिलिप्स तर मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर दारू आणि दारूगोळा पाठवी, आणि चाच्यांकडून पूर्वेची चांदी व गुलाम घेई. राज्यकर्ता, सावकार, दुकानदार, खलाशी, सगळे या धंद्यात होते. चाचेगिरी म्हणजे समाजाबाहेर फेकलेल्या चार गुंडांचा खेळ, हा समज इथे टिकत नाही. ती एका रोकडटंचाईच्या बाजारपेठेची आयात होती.

आता दुसरे टोक.

आज आग्रा रोडने महूहून दक्षिणेला निघालो की मानपुर लागते. तिथे माळव्याचे पठार संपते, विंध्याचा कडा येतो आणि रस्ता गुजरीकडे उतरून खलघाटापाशी नर्मदा ओलांडतो. मोगल काळात माळव्याच्या पठारावरून याच बाजूला उतरून अकबरपूरच्या उतारावर नर्मदा पार करत, आणि पुढे बऱ्हाणपूर गाठत. १६१०च्या सुमारास विल्यम फिंच हा इंग्रज बऱ्हाणपूर, अकबरपूर, मांडू, उज्जैन असा वर चढत आग्र्याकडे गेला होता. सिरोंजची छीट, माळव्याचा कापूस आणि अफू, बऱ्हाणपूरची पारदर्शक मलमल हा सगळा माल बैलांच्या पाठीवर सुरतेकडे जाई. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने बऱ्हाणपूरचे कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे.

सुरतेहून हा माल दरवर्षी जहाजांच्या ताफ्यातून मोखा आणि जेद्दाला जाई. ताफ्यात हजचे यात्रेकरूही असत. तिकडे कापड विकले जाई आणि बदल्यात येई चांदी, सोने. मालाच्या बदल्यात माल घ्यावा असे तिकडे फारसे काही नव्हतेच. ही परतीची चांदी सुरतेच्या टांकसाळीत वितळे आणि तिचे आलमगीराच्या, म्हणजे औरंगजेब बादशहाच्या, नावाचे रुपये होत. सराफाच्या बट्ट्यातून, हुंडीतून, दलालाच्या हातून ते रुपये पुन्हा घाट चढत आणि कोष्ट्याच्या, रंगाऱ्याच्या, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी पोचत. तांबड्या समुद्रावरून परतणारे जहाज म्हणजे आपल्या मुलखाची वर्षाची कमाई घेऊन येणारे जहाज होते.

आणि ती चांदी मुळात होती कुठली? येमेनच्या बाजारात त्या काळी येणाऱ्या चांदीचा फार मोठा भाग स्पॅनिश रियालांचा होता. ते रियाल पडत पोटोसीच्या आणि मेक्सिकोच्या खाणींतल्या चांदीचे. अमेरिकेच्या डोंगरांत मूळ रहिवाशांच्या रक्ताने काढलेली चांदी स्पेनमार्गे, भूमध्य समुद्रमार्गे मोख्याला येई, कॉफीसाठी आणि हिंदुस्थानी कापडासाठी. मिडलटाउनच्या शेतातला तो तुकडा कदाचित त्याच्या मूळ खंडातच परतला होता, अर्ध्या जगाला फेरी घालून, आणि वाटेत आपल्या माणसांना लुटून.

ती लूट कशी झाली, त्याची साक्ष दोन्ही बाजूंच्या कागदांत आहे. हेन्री एव्हरी हा इंग्रज खलाशी. १६९४च्या मे महिन्यात स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात ‘चार्ल्स द सेकंड’ या जहाजावर पगार थकले म्हणून बंड झाले, आणि एव्हरीने जहाज पळवले. नाव बदलून ठेवले ‘फॅन्सी’. १६९५च्या उन्हाळ्यात तो बाबेलमंदेबच्या सामुद्रधुनीत येऊन थांबला. तिथे त्याला अमेरिकन वसाहतींतून आलेली आणखी पाच गलबते मिळाली. त्यांतली काही ऱ्होड आयलंडची होती. एकावर स्वतः थॉमस ट्यू होता. दुसऱ्याचा कप्तान विल्यम मेझ, तोही न्यूपोर्टचाच. त्याच्या घरच्यांची व्हाइट हॉर्स नावाची खानावळ आजही न्यूपोर्टमध्ये चालू आहे.

मोख्याहून सुरतेला परतणारा ताफा रात्री त्यांना चुकवून निघून गेला. चाच्यांनी पाठलाग केला. आधी सापडले ‘फतेह मुहम्मद’, सुरतेचा सर्वांत धनाढ्य व्यापारी अब्दुल गफूर याचे जहाज. त्या चकमकीत ट्यू तोफेचा गोळा लागून मेला. पण जहाज पडले. मग सप्टेंबर १६९५ मध्ये, किनारा जवळ आला असताना, एव्हरीने ‘गंज-इ-सवाई’ गाठले. हे खुद्द बादशहाचे जहाज. सुरतेत याहून मोठे जहाज नव्हते, असे त्या काळचा मोगल इतिहासकार खाफी खान लिहितो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जहाजावर ऐंशी तोफा आणि चारशे बंदुका होत्या. एवढ्या बळासमोर ‘फॅन्सी’ टिकायला नको होते. पण पहिल्याच माऱ्यात गंज-इ-सवाईची एक तोफ फुटली आणि आपलीच माणसे मेली. ‘फॅन्सी’वरून आलेल्या गोळ्याने डोलकाठी मोडली. कप्तान इब्राहिम खान खाली तळघरात पळाला. मोख्याहून आणलेल्या दासींच्या डोक्याला पागोटी बांधून त्याने त्यांना लढायला वर पाठवले, असे खाफी खान रागाने नोंदवतो.

यापुढे जे झाले ते चाच्यांच्या रंजक गोष्टींतून गाळले जाते, म्हणून इथे गाळू नये. कित्येक दिवस लूट चालली. माल कुठे दडवला हे सांगावे म्हणून यात्रेकरूंचा छळ केला गेला. स्त्रियांवर अत्याचार झाले. काहींनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी स्वतःला भोसकून घेतले. ही केवळ मोगल बाजूची तक्रार नव्हे. पुढे फाशी गेलेल्या जॉन स्पार्क्स या खलाशाने मरताना कबूल केले की हिंदुस्थानातल्या त्या लोकांशी केलेले क्रौर्य त्याला छळते, आणि शिक्षा आपल्याला त्यासाठीच योग्य आहे.

खाफी खानाच्या हिशेबाने जहाजावर बावन्न लाख रुपयांचे सोने-चांदी होते, मोख्यात आणि जेद्द्यात विकलेल्या हिंदुस्थानी मालाचे पैसे. मोगल दरबाराने नुकसान सहा लाख पौंडांचे सांगितले. कंपनीने ते सव्वातीन लाखांवर आणले. खरा आकडा काही असो, ‘फॅन्सी’वरच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला हजार पौंडांच्या आसपास आले.

औरंगजेब तेव्हा आपल्या सोलापूर जिल्ह्यात होता. मंगळवेढ्याजवळ, माचणूरपाशी, भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला त्याची छावणी मे १६९५ पासून पडली होती. गावाचे नाव बदलून त्याने इस्लामपुरी केले होते. मराठ्यांशी युद्ध संपत नव्हते. राजाराम महाराज जिंजीला होते. त्याच वर्षाच्या अखेरीस संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीला कासीम खानाचा पुरता नाश केला. अशा वेळी बादशहाच्या कानावर आले की त्याच्या नावाने हजला गेलेले जहाज इंग्रजांनी लुटले. सुरतेचे लोक खवळले होते. सुभेदार इतिमाद खानाने इंग्रजांच्या वखारीवर पहारे बसवले, वखारीचा प्रमुख सॅम्युएल ॲनस्ली आणि त्याच्या माणसांना बेड्या घातल्या, आणि एका परीने त्यांचे प्राणही वाचवले, कारण बाहेरचा जमाव त्यांना ठेचायला उभा होता. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतला मुंबईवर चालून जायचा हुकूम गेला. याच याकूतने पाचसहा वर्षांपूर्वी मुंबई बेट जवळजवळ गिळले होते.

खाफी खान या काळात स्वतः मुंबईच्या इंग्रज प्रमुखाला भेटला होता. त्याचा निष्कर्ष रोखठोक आहे. मुंबईचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः नारळ आणि सुपारी, दोनतीन लाखांच्या वर नाही. मग एवढा थाट कशावर? उरलेला पैसा हजच्या जहाजांच्या लुटीचा, असे तो मानतो. त्यात कंपनीवर थोडा अन्याय आहे, कारण एव्हरी कंपनीचा माणूस नव्हता आणि त्याच्यामुळे कंपनी बुडायची वेळ आली होती. पण इंग्रजी बोलणाऱ्या लोकांची पूर्वेकडची रोकड कुठून उभी राहते हा प्रश्न त्याने अचूक विचारला. त्याचे खरे उत्तर मुंबईत नव्हते, न्यूपोर्टला होते, आणि न्यूपोर्ट हे नावही त्याने ऐकलेले नसावे.

लंडनमध्ये धावपळ उडाली. एव्हरीच्या डोक्यावर पाचशे पौंडांचे इनाम लागले, कंपनीने त्यात आणखी पाचशे घातले. एव्हरीने तोवर रेयुनियन बेटावरून अटलांटिक गाठला होता. वाटेत त्याने आफ्रिकी गुलाम घेतले, आणि बेलींच्या मते ते मुद्दाम, म्हणजे बंदरात कोणी विचारले तर गुलामांचा व्यापारी म्हणून खपून जाता यावे. १६९६च्या वसंतात ‘फॅन्सी’ बहामातल्या नासाउला लागली. गव्हर्नर निकोलस ट्रॉट याने लाच घेऊन त्यांना आसरा दिला. मग टोळी फुटली. काही कॅरोलिनाला गेले, काही पेनसिल्वेनियाला, काही न्यू इंग्लंडला, काही आयर्लंडला. जॉन डॅन नावाच्या खलाशाच्या सदऱ्याच्या अस्तरात शिवलेली सोन्याची नाणी इंग्लंडातल्या रॉचेस्टरच्या एका सराईतल्या मोलकरणीला जड लागली, आणि तो पकडला गेला. पेनसिल्वेनियात गेलेल्या जेम्स ब्राउनने मात्र तिथले गव्हर्नर विल्यम मार्कहॅम यांच्या मुलीशी लग्न लावले.

ऑक्टोबर १६९६ मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत सहा जणांवर खटला उभा राहिला. जगाला, आणि विशेषतः ब्रह्मपुरीच्या छावणीला, इंग्रजी न्याय दाखवायचा होता. पंचांनी गंज-इ-सवाईच्या लुटीच्या आरोपातून आरोपींना सोडून दिले! सरकारी वकिलांना घाम फुटला. बारा दिवसांत दुसरा खटला भरला गेला, या वेळी इंग्रजी जहाज पळवल्याचा. तो सिद्ध झाला आणि नोव्हेंबरात पाच जण फाशी गेले. सुरतेच्या यात्रेकरूंच्या लुटीसाठी लंडनच्या पंचांनी पहिल्या खटल्यात कोणालाही दोषी धरले नाही, ही नोंद आपण ठेवली पाहिजे. एव्हरी स्वतः आयर्लंडपर्यंत दिसला आणि मग नाहीसा झाला.

आता पुन्हा बेलींकडे. कागदांत ही माणसे अमेरिकेच्या किनाऱ्यावर पांगल्याचे धागे होते, पण माल कुठे गेला याचा मातीतला पुरावा नव्हता. पहिले नाणे मिळाल्यावर त्यांनी जुन्या जबान्या, बंदरांच्या नोंदी, पत्रव्यवहार वाचला. १६९६ मध्ये ‘सी फ्लॉवर’ नावाचे गलबत न्यूपोर्टला सुमारे चार डझन गुलाम घेऊन आल्याचे त्यांनी दाखवले. हे गलबत एव्हरीच्या माणसांनी वापरले होते, असे त्यांचे म्हणणे. २०१७ मध्ये त्यांचा लेख अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘कलोनियल न्यूजलेटर’मध्ये छापून आला. दरम्यान इतर हौशी शोधकांनीही आपले डबे उघडले. २०२१ मध्ये ही बातमी जगभर गेली तेव्हा त्याच काळातली आणखी पंधरा अरबी नाणी पुढे आली होती. दहा मॅसॅच्युसेट्समध्ये, तीन ऱ्होड आयलंडमध्ये, दोन कनेक्टिकटमध्ये. कनेक्टिकटमधले एक २०१८ मध्ये सतराव्या शतकातल्या शेतवाडीच्या रीतसर उत्खननात मिळाले होते. नॉर्थ कॅरोलिनातही एक सापडले, आणि तिथे एव्हरीचे काही सोबती उतरल्याच्या नोंदी आहेत.

एव्हरीच्या हातून ही नाणी आली हे मला पुरते सिद्ध झालेले वाटत नाही. सेंट मेरी बेटावरून फिलिप्सच्या गलबतांनी चांदी आणली होती. १६९८ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘केदाह मर्चंट’ लुटणारा कॅप्टन किडही न्यूयॉर्क आणि बोस्टनकडेच परतला होता. १६९३चे नाणे यांपैकी कोणाच्याही खिशातून पडू शकते. बातम्यांनी साहजिकच एव्हरीचे नाव उचलले, कारण ते खपते. माझ्या दृष्टीने मोठा शोध वेगळा आहे. ही नाणी एका पुरलेल्या हंड्यात सापडली नाहीत. ती सुटी सापडली, वेगवेगळ्या गावांत, शेतांत, घरांच्या आसपास, जशी वापरातली नाणी हरवतात तशी. कोणी त्यांनी मीठ घेतले असेल, कोणी देणे फेडले असेल. म्हणजे लूट पुरून ठेवलेली नव्हती, ती बाजारात फिरत होती. वसाहतींतल्या साध्या शेतकऱ्याच्या कनवटीला सुरतेच्या ताफ्याची चांदी होती. कागद हे सुचवत होते, मातीने त्याला दुजोरा दिला.

या शोधाने अमेरिकेच्या आर्थिक इतिहासातले एक पान नीट वाचता येते. एव्हरी प्रकरणाच्या धक्क्यानंतर लंडनने वसाहतींचा लगाम आवळला. १६९६ मध्ये नवा नौवहन कायदा आला, व्यापारावर देखरेखीसाठी बोर्ड ऑफ ट्रेड स्थापन झाले, वसाहतींत नौदलविषयक न्यायालये बसली. चाच्यांवर तिथल्या तिथे खटला चालवण्याचा कायदा झाला. फ्लेचरला परत बोलावले गेले. तांबड्या समुद्राची आयात आटली. पण त्या सफरींत तयार झालेली गलबते, खलाशी, भांडवल आणि आफ्रिकेची वाट या गोष्टी उरल्याच. अठराव्या शतकात न्यूपोर्ट उत्तर अमेरिकेतल्या गुलामव्यापाराचे मोठे केंद्र बनले. रम घेऊन आफ्रिकेला जायचे, माणसे घेऊन यायचे. ‘सी फ्लॉवर’ची ती खेप म्हणजे जुन्या धंद्याचा शेवट आणि नव्याची सुरुवात एकाच गलबतात होती. स्वातंत्र्याच्या घोषणा पुढे याच बंदरांतून उठल्या, आणि तिथल्या इमारतींच्या पायात कोणाकोणाचे पैसे होते हे अमेरिकन अभ्यासक आता स्वतःच उघड करत आहेत. ते चांगले करत आहेत.

आपले काम राहिले आहे. गंज-इ-सवाईची गोष्ट आपल्याकडे औरंगजेबाच्या चरित्रातला एक परिच्छेद म्हणून येते आणि संपते. त्या बावन्न लाखांमागे कोणत्या पेठांतले कापड होते, कोणत्या सराफांनी त्यावर कर्ज दिले होते, त्या हंगामात बऱ्हाणपुरात किंवा सिरोंजमध्ये कोणाचे माग थांबले, हे कोणी मराठीत मांडलेले माझ्या वाचनात नाही. सुरतेच्या वखारीचे दप्तर आहे, मोगल अखबारांचे कागद आहेत. फारसी आणि मोडी दोन्ही येणाऱ्या तरुण अभ्यासकाला यात एक पूर्ण ग्रंथ मिळेल.

आणि जे दप्तरात नाही ते शेतात असू शकते. माळव्यात, निमाडात, खानदेशात नांगराला, विहिरीच्या खोदकामात, घराच्या पायात आजही जुनी नाणी लागतात आणि मुकाट्याने सोनाराच्या मुशीत जातात. जिम बेलींच्या नाण्याचे मोल चांदीत नव्हते. ते कुठल्या गावच्या कुठल्या शेतात, कशासोबत सापडले हे ठाऊक होते, म्हणून त्यातून एवढे सगळे उलगडले. आपल्याकडे १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि त्यात त्याच्या हक्काचीही तरतूद आहे. मानपुरात असो की मंगळवेढ्यात, तुमच्या शेतात अशी वस्तू निघाली तर ती घासू नका, विकू नका. जागेचा फोटो घ्या, सोबत काय होते ते लिहून ठेवा, आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.